चारशे सहामध्ये राहणारी माणसं

मला फॉर्म भरून घ्यायला पाठवलं, ही आमच्या नागरिक मंचाची पहिली चूक. मला राग पटकन येतो. समोरचा माणूस सोफ्यावरून न उठता "लिहा हो तुम्हीच काहीतरी" म्हणाला की जरा जास्तच पटकन येतो. पण इतकी वर्षं लांबलेली पालिकेची निवडणूक एकदाची तोंडावर आली होती, आणि मंचाला सगळ्या उमेदवारांना एका मांडवात बसवून सांगायचं होतं की बाबांनो, आरोग्यसेवेबद्दल आमच्या मतदारांचं म्हणणं हे असं आहे. मी विमा कंपनीतून निवृत्त झालेली, पाय धड, तोंड त्याहून धड. मुलुंड पूर्वेतल्या आमच्या सोसायटीच्या तिन्ही विंग माझ्या गळ्यात पडल्या.

फॉर्मवर प्रश्न नऊ होते, पण खरा प्रश्न एकच, तिसरा. आमच्या रस्त्याच्या टोकाला पालिकेचा एक छोटा दवाखाना आहे. तो बंद करून स्टेशनपलीकडे उभ्या राहणाऱ्या मोठ्या आरोग्य केंद्रात सामावून घ्यायचा प्रस्ताव होता. तुम्हाला मान्य आहे का? हो, नाही, सांगता येत नाही. खाली "कारण लिहा" आणि दोन ओळी कोऱ्या.

त्या दोन ओळींत माणसं काय काय कोंबतात! ए विंगमधले एक काका म्हणाले, सगळं खासगी करून टाका, पालिकेने फक्त रस्ते झाडावेत. त्यांच्याच बायकोने आतून ओरडून सांगितलं की खासगीवाले साध्या सर्दीला चार तपासण्या लावतात, हे पण लिही गं. एक तरुण मुलगा कानातली ती इअरफोनची बोंडं न काढता "कार्ड द्या ना यार प्रत्येकाला, कॅशलेस, विषय संपला" म्हणून दार लावून मोकळा झाला. बी विंगमधल्या एका काकूंना आरोग्यसेवेपेक्षा भटक्या कुत्र्यांबद्दल बोलायचं होतं, आणि त्या पाऊण तास बोलल्या. एका घरात नवरा-बायकोचं तिसऱ्या प्रश्नावरून असं काही जुंपलं की मी माझं पेन तिथेच टाकून निघाले.

मला ही सगळी माणसं आवडतात, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मी त्यांच्यावर डूख धरून आहे. एकाच आवारात तीस वर्षं काढली की माणसं आवडायला लागतातच, दुसरा इलाज नसतो.

एरवी पाण्याच्या टाकीच्या रंगावरही ज्यांचं एकमत होत नाही, त्यांचं तिसऱ्या प्रश्नावर मात्र झालं. हलवा तो दवाखाना. "आपल्यातलं तिथे जातं कोण?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी शेवटी समोरच्याने तोंड उघडायच्या आत लिहून टाकत होते. आमचे सेक्रेटरीकाका तर सत्तरी ओलांडलेले, कंपनीतले निवृत्त मॅनेजर, सोसायटीच्या नोटिशीवर सहीखाली दोन रेघा मारणारे. त्यांनी मला बसवून, चहा पाजून समजावलं, "मॅडम, भावनिक होऊन चालत नाही. तो दवाखाना आपल्यासाठी नाहीच मुळी. मी आयुष्यात त्याची पायरी चढलेलो नाही. त्या जागेत छानपैकी वाचनालय होईल." मला ते पटलंही. माझ्या स्वतःच्या फॉर्मवर मीही "हो" वरच खूण केली होती आणि कारण लिहिलं होतं, वापर नगण्य. तीस वर्षं फायलींवर असलेच शेरे मारल्यामुळे हात तसाच वळतो.

घरात मतदार दोन. मी आणि माझी एकोणऐंशी वर्षांची आई. तिला मी विचारलंच नाही. आईचं मत आपल्याला ठाऊकच असतं, असं आपण धरून चालतो ना, तसंच काहीसं.

संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर फॉर्मचे गठ्ठे लावत बसले होते. आई बाजूला शेंगा सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "मला नाही दिलास तो?"

"काय?"

"फॉर्म. मी मतदार नाही का? बोटाला शाई लावून येते की दर वेळी."

मी हसून एक फॉर्म पुढे सरकवला. तिने हात धुतले, चष्मा पुसला, पेन मागून घेतलं. आई सातवी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं, पण लिहिण्याचा वेग बेताचा. तिसऱ्या प्रश्नापाशी ती थांबली. प्रश्न दोनदा वाचला. मग "नाही" वर अशी खूण केली की कागद फाटून चौथ्या प्रश्नापर्यंत चीर गेली. कारणाची जागा कोरी ठेवली. बाकीचे प्रश्न तिने सोडूनच दिले आणि खाली नाव, वय, पत्ता लिहून फॉर्म माझ्याकडे दिला.

पत्ता होता खोली क्रमांक चारशे सहा, दवाखान्याला लागून असलेली पुनर्वसनाची इमारत.

"आई, हा कोणाचा पत्ता लिहिलास?"

तिने पटकन कागदावर हात ठेवला. "अगं बाई, सवयीने गेलं लिहिलं," म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो ते तिच्याच लक्षात आलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला केसपेपर होता. पाच वर्षांच्या नोंदी, दर पंधरा दिवसांनी एक. रक्तदाब, वजन, गोळ्या. आई गोळ्या खालच्या मेडिकलमधून आणते असं मी पाच वर्षं समजत होते. खाली मेडिकलमध्ये जायला तिला तास कसा लागतो, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आणि म्हणे मी विम्याचे दावे तपासायचे!

"मला सांगायचं नाहीस?" माझा आवाज चढला.

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?" आई म्हणाली. "म्हणाली असतीस, आई, आपल्याला काय कमी आहे? एवढी पॉलिसी काढलीय तुझी, तिथे कशाला रांगेत उभी राहतेस?"

मी तसंच म्हणाले असते. शब्दन् शब्द.

"तिथे ती डॉक्टर पोरगी माझं मनगट हातात घेते आणि विचारते, आजी, झोप लागते का? तू काय विचारतेस? गोळी घेतलीस का? मग लगेच फोन वाजतो तुझा." ती हे चिडून बोलत नव्हती, म्हणून जास्त लागलं. "आणि हलवला तो दवाखाना तर मी कशी जाऊ? तिथवर सपाट रस्ता आहे, काठी टेकत जाते. तो स्टेशनचा पूल माझ्याने होत नाही. रिक्षाने फिरून जायचं म्हणजे तू नेणार, तू थांबणार, घड्याळ बघत बसणार. पंधरा दिवसांतून एकदा मी एकटी कुठेतरी जाते गं. तेवढंच एक माझं आहे."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम, म्हणून मी उठून स्वच्छ असलेला कुकर पुन्हा घासायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. निघताना तिने अट घातली. तिथे ओळखीचं कुणी दिसलं तर हाक मारायची नाही.

"का?"

"नाही मारत," आई म्हणाली.

दोनच खोल्या, बाहेर व्हरांडा, व्हरांड्यात बाकं. आणि त्या बाकांवर माझी सोसायटी बसली होती! कुत्र्यांवर पाऊण तास बोललेल्या काकू होत्या. "सगळं खासगी करा" म्हणणारे काका होते, आणि चार तपासण्यांबद्दल ओरडणारी त्यांची बायको त्यांच्यापासून दोन बाकं सोडून बसली होती, जणू कोण हा गृहस्थ. सी विंगमधल्या दोघी होत्या. कोपऱ्यात तोंडाला मास्क लावून, नातवाची क्रिकेटची टोपी भुवयांपर्यंत ओढून एक ताठ म्हातारे गृहस्थ बसले होते. एवढं ताठ आमच्या सोसायटीत एकच माणूस बसतो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. समोर भिंतीवर "हात कसे धुवावेत" असं चित्रांचं पोस्टर होतं, आणि ते पोस्टर इतक्या एकाग्रतेने वाचणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत.

औषधाच्या खिडकीतला माणूस एकेकाचा कागद घेत होता. "चारशे सहा? घ्या. सकाळी एक, जेवणानंतर." पुढचा. "चारशे सहा? तुमची साखर वाढलीय हां, आंबे बंद." पुढचा. "चारशे सहाच ना?" टोपीवाल्या गृहस्थांनी मान हलवली.

मी आईकडे बघितलं. आई पोस्टर वाचायला लागली.

तिचा नंबर लागला तेव्हा मी आत गेले. डॉक्टर खरोखरच पोरगी होती, तिशीही नसेल. तिने आईचं मनगट धरून झोपेबद्दल विचारलं, गुडघ्यांबद्दल विचारलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही पण चारशे सहाच्याच का?" आणि मी नाही म्हटल्यावर तिने खुर्ची जवळ ओढली.

तिने जे सांगितलं ते असं. दवाखान्यात कुठून किती लोक येतात याची यादी वॉर्ड ऑफिसला जाते. यादीत एकाच खोलीत राहणारी एकवीस माणसं निघाली. सगळी साठीच्या पुढची. "आणि आडनावं पंधरा-सोळा प्रकारची," डॉक्टर म्हणाली. "साहेब म्हणाले, हे कुठलं कुटुंब? सगळ्यांवर बनावट असा शेरा मारून काढून टाकलं. उरले ते थोडे, आणि त्यांत तुमच्या बाजूच्या सोसायट्यांमधलं एकही नाव नाही. म्हणून तर हलवायचा प्रस्ताव आलाय. त्यावर कारण लिहिलंय, वापर नगण्य."

माझेच दोन शब्द. कान गरम झाले माझे.

"गुरुवारी साहेब स्वतः येणार आहेत पडताळणीला," ती म्हणाली. "चारशे सहाच्या बाईंकडून लिहून घेतील की ही माणसं इथे राहत नाहीत. मग कायमची काट. मग मी तरी काय दाखवू?"

घरी येताना बागेच्या कठड्यावर बसून आईने उरलेलं सांगितलं. पाच वर्षांपूर्वी लशीच्या दिवसांत ती दवाखान्यात गेली होती. लस झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचे, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर एक बाई होत्या. गप्पा झाल्या. रक्तदाब बघतात तर बघून घ्या म्हणून त्या बाईंनीच आईला खिडकीपाशी नेलं. तिथे पत्ता विचारला आणि आई अडखळली. आमच्या सोसायटीच्या नावात "हाइट्स" आहे. हाइट्समधून फुकटच्या गोळ्या घ्यायला आलात का, असं कुणी विचारलं तर? आईचा चेहरा बघून मागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "माझाच लिहा. चारशे सहा. जवळच आहे." 

"तिने मला दिला," आई म्हणाली, "आणि मी वाटत सुटले गं. बी विंगवालीला सांगितलं, तिने सी विंगवालीला. हळदीकुंकवाचं वाण वाटावं तसा तिचा पत्ता वाटला आम्ही. तिला विचारलं पण नाही."

"आणि तिच्या घरी गेली होतीस कधी?"

"ती म्हणाली होती, चहाला या." आई काठीकडे बघत बसली. "माझे गुडघे..."

त्या संध्याकाळी मी चारशे सहाकडे निघाले तेव्हाही आईचे गुडघे दुखत होते. इमारतीला लिफ्ट आहे. दुखणं गुडघ्यांचं नव्हतं, हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्या आवारात बुद्धविहार आहे, जिन्यावर निळ्या पताका आहेत, आणि आमच्या हाइट्समधली माणसं रस्त्याच्या त्या बाजूने चालतही नाहीत. आम्ही कुणी कधी वाईट बोललो नाही. जायचंच नाही, एवढंच केलं.

चारशे सहामधल्या बाई पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. माहेर बुलढाण्याकडचं, पण चाळीस वर्षं मुंबईत. नवरा गेलेला, लेक नागपूरला, घरात एकट्याच. दार उघडून त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मी कोणाची मुलगी ते सांगितलं.

"बाप्पा! म्हणजे तुम्ही माझ्याकडेच राहता की," म्हणून त्या हसल्या. "या, बसा."

घर एवढंसं, लख्ख. कपाटात पुस्तकं, त्यावर बुद्धाची छोटी मूर्ती, खिडकीत तुळस आणि कोरफड. चहा ठेवता ठेवता त्यांनी सांगितलं की त्यांना हे दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. तापाची साथ होती, आरोग्य सेविका कागद घेऊन आली आणि म्हणाली, बाकीच्या पंधरा-सोळा जणांना बोलवा, ताप बघायचाय.

"मी म्हटलं, बाई, एवढे असते तर मेथी निवडायला मी एकटी बसले असते का?"

मला हसू आलं, मग हसूच येईना. मी म्हटलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. न यायला काय झालं?" बाई कप पुढे करत म्हणाल्या. "माझ्या घरी चहाला एक जण आलं नाही, आणि कागदावर एकवीस जण राहायला आले."

चहा फार चांगला होता, आलं ठेचून घातलेला, आणि मी कप तसाच हातात धरून बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"औषधाच्या आड कशाला यायचं? दुखणं काय हाइट्स बघून येतं?" त्यांनी खिडकीतल्या तुळशीचं एक वाळकं पान खुडलं. "आणि खरं सांगू ताई, एकट्या बाईला बरं वाटतं हो. कागदावर का असेना, घर भरलेलं होतं."

गुरुवारचं विचारलं तेव्हा मात्र त्या शाळेत असतील तशा झाल्या. "खोटं लिहून देणार नाही. चौतीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. पण साहेबांनी मला विचारायच्या आधी ज्याने त्याने यावं आणि आपला पत्ता लिहून द्यावा. काहून लपता? दवाखाना आपला, पालिका आपण निवडून दिलेली. मत उजळ माथ्याने देता आणि गोळी तेवढी लपून घेता?"

मी पुन्हा तिन्ही विंग फिरले. या वेळी फॉर्म नव्हता, नुसतं तोंड. पहिल्या चार दारांत मला सांगण्यात आलं की माझा काहीतरी गैरसमज झालाय. कुत्र्यांच्या काकू म्हणाल्या, त्या तिथे मोलकरणीला सोबत म्हणून गेल्या होत्या. खासगीवाले काका म्हणाले, बायको गेली होती. बायको म्हणाली, नवरा गेला होता. सेक्रेटरीकाकांनी दार उघडून गंभीरपणे सांगितलं, "मॅडम, सर्व्हे गोपनीय असतो."

"काका," मी म्हटलं, "टोपी फार शोभून दिसत होती तुम्हाला."

ते लालेलाल झाले. मला वाटलं आता नोटीस काढतात माझ्या नावाने. पण त्यांनी दार ओढून घेतलं, जिन्यात आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मुलांनी हौसेने पॉलिसी काढून दिलीय हो. मोठं हॉस्पिटल, चकाचक. पण तिथला डॉक्टर माझ्याकडे बघतच नाही, कॉम्प्युटरकडे बघतो. इथली पोरगी मला 'काका, चाल कमी झाली तुमची' म्हणते. मुलांना कळलं तर त्यांना वाईट वाटेल. आणि सोसायटीत कळलं तर... मी सेक्रेटरी आहे, मॅडम."

अशा माणसावर चिडायचं तरी कसं? मी घरी येऊन आईला म्हटलं, "लागली वाट. एकही येणार नाही."

बुधवारी संध्याकाळी ती काठी घेऊन खाली गेली. गेटजवळच्या बाकांवर तेव्हा सगळे जमतात. मी गॅलरीतून बघत होते. आई बसली नाही. चारचौघांत कधी आवाज न चढवणारी माझी आई काठी फरशीवर आपटून म्हणाली, "ऐका जरा. माझा रक्तदाब वाढतो. पाच वर्षं मी त्या दवाखान्यातून गोळ्या आणते. चारशे सहाचा पत्ता तुम्हा सगळ्यांना मीच दिला, चूक माझी आहे. पण मी तिथे राहत नाही, मी इथे राहते. आणि तुम्ही पण इथेच राहता. मी उद्या जाऊन सांगणार आहे. तुम्ही नाही आलात तर दवाखाना जाईल, आणि मग मी माझ्या खिडकीत बसेन आणि रोज तुम्हाला बघेन."

शिव्या दिल्या असत्या तरी एवढं झोंबलं नसतं. कुत्र्यांच्या काकूंनी उठून आईला हात दिला आणि लिफ्टपर्यंत आणलं.

गुरुवारी मी आईला घेऊन पोचले तेव्हा व्हरांड्यात साहेब टेबल टाकून बसले होते, आणि रांगेत सगळ्यांत पुढे सेक्रेटरीकाका उभे होते. टोपी नाही, मास्क नाही, इस्त्रीचा शर्ट, हातात लाइटबिल. त्यांनी सोसायटीचं नाव "हाइट्स"सकट इतक्या मोठ्याने सांगितलं की औषधवाला खिडकीतून बाहेर डोकावला. नोंदवहीत सही करून त्यांनी खाली दोन रेघा मारल्या. त्यांच्या मागे खासगीवाले काका आणि त्यांची बायको, या वेळी एकत्र, कुणी आधी बोलायचं यावर भांडत. एकेक करून एकवीसपैकी अठरा जण आले. पोस्टर कुणी वाचलं नाही. एकमेकांच्या साखरेची चौकशी चालू झाली, आणि औषधवाल्याला शेवटी ओरडावं लागलं की हे हळदीकुंकू नाही.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी प्रत्येकाचा नवा पत्ता नीट लिहून घेतला. शेवटी त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या बाईंना विचारलं, "मग आता चारशे सहामध्ये किती जण राहतात?"

बाईंनी त्या सगळ्या माणसांकडे एकदा बघितलं.

"आजपासून मी एकटी," त्या म्हणाल्या.

साहेबांनी ते लिहून घेतलं. आईने माझा दंड घट्ट धरला.

प्रस्तावावर नंतर "फेरविचाराधीन" असा शेरा पडला. पालिकेच्या भाषेत याचा अर्थ काहीही होऊ शकतो, पण आज दवाखाना उघडा आहे आणि आई पंधरा दिवसांनी काठी टेकत एकटी जाते. मंचाच्या मांडवात सगळेच्या सगळे उमेदवार दवाखाना वाचवायच्या बाजूने बोलले, कारण आता आकडे तसे होते. मी सगळ्यांचे फॉर्म पुन्हा भरून घेतले. माझ्या स्वतःच्या फॉर्मवरचं "वापर नगण्य" खोडलं आणि लिहिलं, विचारलंच नव्हतं.

पण ते सगळं पुढचं. गुरुवारी घरी आल्यावर आई जेवली नाही धड. शुक्रवारी चार वाजता ती सणाला नेसते ती जांभळी साडी नेसून बाहेर आली. हातात डब्यात बेसनाचे लाडू. 

"चल," म्हणाली. "चहाला जायचंय."

"गुडघे?"

"मरू देत गुडघे."

रस्त्याच्या त्या बाजूने आम्ही चाललो. इमारतीच्या आवारात शिरलो आणि आई थांबली. तिथे तीन जिने होते, तीन लिफ्ट. जो पत्ता ती पाच वर्षं पाढ्यासारखा म्हणत होती, फॉर्मवर जो तिच्या हातून आपोआप उतरला होता, त्याचं दार कुठे आहे ते तिला ठाऊक नव्हतं. "कुठून जायचं गं?" तिने विचारलं, आणि तिचा चेहरा इतका उतरला की मी पटकन पुढे झाले.

चौथ्या मजल्यावर बाईंनी दार उघडलं. आई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. डबा दोन्ही हातांत धरलेला, काठी काखेत. बोलायचं ठरवून आलेलं सगळं ती विसरली असावी.

"येते म्हटलं होतं मी," ती कशीबशी म्हणाली. "लई उशीर केला गं बाई. माफ कर." 

बाईंनी तिच्या काखेतली काठी काढून घेतली, भिंतीला टेकवली आणि तिचा हात धरला.

"या की आत," त्या म्हणाल्या. "तुमचंच घर आहे. पाच वर्षं लिहून देत होता तुम्ही."